दोन्हीले चालणारी

वणीच्या बाजारात, खताच्या दुकानाला लागून
माझ्या बापाचं दुकान : बंदुका, काडतुसं, दुरुस्ती.
पाटीवरची 'दुरुस्ती' उन्हानं खाल्ली.
बाप गेला, दुकानाचा परवाना माझ्या नावावर झाला,
गिऱ्हाईक अजून विचारतं, "मालक कुठं गेले?"

पोळा होऊन चौथ्या दिवशी उकंडराव वाढई आले.
मागून पंचफुलाबाई, पिशवीत अंबाडीची भाजी.

"एकच पायजे," म्हणाले, "दोन्हीले चालणारी.
डब्यालेबी लागली पायजे, सशालेबी."
"सशावर बंदी आहे, काका. पन्नास वर्षं झाली."
"मले ठाऊक हाय. हत्याराले कुठं ठाऊक हाय?"

मी हसले नाही. बाप सांगायचा,
गिऱ्हाइकाचं तोंड नको बघू, मनगट बघ.

जुन्या पेपरवर तीन मांडल्या.
पहिली बत्तीसची, आखूड नळीची.
खिशात मावते, आणि दहा पावलांपलीकडे
कुणाचंच ऐकत नाही.
दुसरी जाडजूड. आवाज असा की
ससा वाचेल, पण शेजाऱ्याची गाय आटेल.
काडतूस इतकं महाग की माणूस सराव करत नाही,
नुसता पुसून ठेवतो.
तिसरी बावीसची, सहा इंची नळी, नऊ खाने.
वजन सगळं पुढं :
हातात घेतली की नाक खाली करते,
टाक्यावर बैल करतो तसं.

"हिनं चिमणी तरी मरन का?"
"चिमणीला कशाला मारता?"
"तसं नाई. इचारून ठेवलं."

मग बापाची रीत केली.
खाने रिकामे, मी पाहिले, त्यांना दाखवले, परत पाहिले.
भिंतीवर बापानं कोळशानं काढलेला ठिपका,
नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं.
"चाप दाबा. नाणं पडलं नाही, तर ती तुमची."

पहिलीवरून पडलं.
दुसरीवरून उडालं ते कपाटाखाली गेलं,
मी गुडघ्यावर बसून झाडूनं काढलं.
तिसरीवर जरा थांबलं, इचार केल्यावानी,
आणि पडलं.
अकरा वर्षं फेऱ्या मारल्या होत्या त्यांनी.
परवाना आला तेव्हा मोतीबिंदूही आला होता.

"हवा हाय इथं," उकंडराव म्हणाले.
पंखा बंद होता. लाइन सकाळपासून गेलेली.

पंचफुलाबाईंनी पिशवी खाली ठेवली.
"पाहू बरं."
पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या,
तिसरीच उचलली.
घोडा पडल्याचा आवाज आला. नाणं जागेवर.
परत दाबला. नाणं जागेवर.
सहा वेळा. मी मोजत होते.
सातव्यांदा मोजायचं विसरले.

"कुठं शिकल्या?"
"कुठं शिकतो बाप्पा! माळ्यावर.
तीस वर्सं ज्वारी राखली गोफणीनं.
धोंडा पाखराच्या बोटभर बाजूनं गेला पायजे.
पाखराले लागला, त गोफण चुकली म्हणाची.
मेलेलं पाखरू दुसऱ्याले सांगाले जात नाई
का या वावरात येऊ नोको."

उकंडराव पेपरवरची बातमी वाचू लागले,
चष्मा खिशातच होता.

मी बिलबुक उघडलं. नाव कुणाचं घालू हे विचारायचं नव्हतं,
परवान्यावर एकच नाव, एकच फोटो,
आणि दुसऱ्याच्या हातात ही गेली तर गुन्हा.
हे मी सांगितलं. सांगावंच लागतं.

पंचफुलाबाईंनी हत्यार पेपरवर ठेवलं,
नळी भिंतीकडे करून. हे मी शिकवलं नव्हतं.
"मंग अर्ज कितीले भेटते?"
"कलेक्टर हापिसात. पण काकू, अकरा वर्षं..."
"मले कुठं ससा पकडाले धावाचं हाय?"

उकंडरावांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनगटाकडे पाहिलं.
बोलले काहीच नाहीत. अंबाडीची पिशवी मात्र
त्यांनी उचलली.

गेले दोघं, काहीच न घेता.
नाणं अजून नळीवर आहे.
मी कपाट आज जरा हळू लावलं.